रानातल्या प्राण्याशी कुत्र्याची झटापट आणि रेबीजचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा झुडपात घुसतो, आतून गुरगुर आणि किंचाळणं ऐकू येतं, आणि तो बाहेर येतो तेव्हा नाकावर रक्त असतं. रक्त त्याचं की समोरच्याचं, कळायला मार्ग नसतो. पुढचे बरेचसे प्रश्न त्याच घटकेला विचारले जातात. काही मात्र आठवड्याभराने येतात, रात्री झोप लागत नाही म्हणून. ही उत्तरं लिहिताना एक गोष्ट सारखी जाणवली: रेबीज म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात ‘दहा दिवस’ हा आकडा पक्का बसलेला असतो, आणि नेमका तोच इथे लागू पडत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं. ठणठणीत आहे. म्हणजे सुटलो ना?

नाही. दहा दिवसांचा नियम चावणाऱ्या कुत्र्याचा आहे. ज्याला चावा बसला त्या कुत्र्याचा नाही.

कुत्रा माणसाला चावला, तर प्रश्न असा असतो: चावला त्या क्षणी त्याच्या लाळेत विषाणू होता का? कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधी. एकदा लक्षणं सुरू झाली की तो फार दिवस जगत नाही. त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावण्याच्या वेळी लाळेत विषाणू नव्हता असं मागे वळून खात्रीने सांगता येतं.

तुमच्या कुत्र्याचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे. कोल्हा किंवा मुंगूस त्याला आज चावलं. विषाणू शिरला असेल तर तो आत्ता जखमेजवळच्या स्नायूत आहे. तिथून तो नसांमध्ये शिरेल, नसांवाटे मेंदूकडे सरकेल, मेंदूत वाढेल आणि मग लाळग्रंथींकडे येईल. एवढा प्रवास दहा दिवसांत क्वचितच संपतो. अकराव्या दिवशी शेपूट हलवत समोर आलेला कुत्रा त्या प्रवासाबद्दल तुम्हाला काहीच सांगत नसतो.

मग किती दिवस लक्ष ठेवायचं?

कुत्र्यात लक्षणं दिसायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. कधी त्याहून कमी, कधी सहा महिन्यांपर्यंत. चावा मेंदूच्या जवळ, म्हणजे तोंडावर किंवा मानेवर असेल, तर वाट छोटी होते. जखम खोल असेल आणि आत गेलेला विषाणू जास्त असेल, तरी वेळ कमी लागतो. मागच्या पायाच्या पंजाला झालेला चावा जास्त वेळ घेऊ शकतो.

या अंदाजावरूनच निरीक्षणाचे काळ ठरवले आहेत. अमेरिकेतल्या सरकारी पशुवैद्यकांच्या २०१६ च्या नियमावलीत लस दिलेल्या कुत्र्यासाठी ४५ दिवस आणि लस न दिलेल्यासाठी ४ महिने आहेत. इतर ठिकाणी आकडे वेगळे असू शकतात आणि तुमच्या भागातला नियम तुम्हाला बंधनकारक असतो. मात्र दहा दिवसांत कुठेच मोकळीक मिळत नाही.

झटापट आत्ताच झाली आहे. आधी काय करू?

आधी हातमोजे. घरात नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला. कुत्र्याच्या अंगावर, विशेषतः मानेच्या आणि तोंडाच्या केसांत, त्या प्राण्याची ओली लाळ असू शकते, आणि तुमच्या बोटाला सकाळीच काहीतरी कापलेलं असतं.

मग साबण आणि वाहतं पाणी. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो. जगातल्या सगळ्यात भयंकर आजारांपैकी एकाचा विषाणू साध्या साबणाने मरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तो नसांमध्ये शिरण्याआधी हातात असलेलं हेच पहिलं हत्यार आहे. पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मनाने मोजलेली पंधरा मिनिटं चारच भरतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. घरगुती लेप, पूड, तेल काही नको. घट्ट पट्टीही नको. दुखत असल्याने कुत्रा तुम्हालाच चावू शकतो, म्हणून दम लागलेला नसेल आणि श्वास नीट चालत असेल तर मुसके बांधा.

मग त्याच दिवशी पशुवैद्यक. लसीचं कार्ड बरोबर घ्या. रेबीजच्या चाव्याला टाके घालायची घाई करत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी जखम उघडी ठेवली तर तो हलगर्जीपणा समजू नका.

जखम कुठे दिसतच नाही. मग सोडून देऊ?

दाट केसांच्या कुत्र्यात सुळ्याचं एक भोक शोधणं सोपं नाही. केस ओले करून, उलट्या दिशेने फिरवून, टॉर्च लावून बघा: ओठांच्या आत, कानांच्या पाळ्या, पुढचे पाय, बोटांमधली कातडी. कुत्रे तोंडाने लढतात, त्यामुळे हिरड्या आणि जीभ बघायची राहून जाते आणि नेमकी तिथेच चीर असते.

इतकं करूनही काही सापडलं नाही, तरी ‘झटापट झाली, जखम दिसत नाही’ असंच डॉक्टरांना सांगा. प्रत्यक्ष भिडंत झाली असेल तर ती संपर्क म्हणूनच धरतात. नुसतं लांबून भुंकणं, पाठलाग करणं, कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांवर गुरकावणं यात धोका नाही.

नेमका संपर्क कशाला म्हणायचं?

लाळ किंवा मेंदूचा भाग, आणि तो आत शिरायला वाट. चावा ही सगळ्यात मोठी वाट. लाळ लागलेल्या नखांचा ओरखडा, उघडी जखम, डोळे, नाक, तोंडाची आतली त्वचा याही वाटा आहेत. रक्त, लघवी, विष्ठा यांतून रेबीज पसरत नाही. स्कंक या अमेरिकेतल्या प्राण्याने उडवलेला दुर्गंधी फवाराही यात येत नाही, मात्र तो फवारा मारण्याआधी चावला असेल तर गोष्ट वेगळी. कोरड्या, उन्हात पडलेल्या जागेवर विषाणू फार टिकत नाही, म्हणून प्राणी ज्या गवतातून गेला ते गवत हुंगल्याची काळजी करू नका.

कोणत्या प्राण्यापासून किती धोका?

या प्रश्नाचं एकच उत्तर जगभर चालत नाही. रेबीज सगळ्या सस्तन प्राण्यांना होऊ शकतो. पण प्रत्येक प्रदेशात तो एखाद-दोन प्राण्यांमध्ये ठाण मांडून बसलेला असतो. तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो आणि मधूनच बाहेर उडी मारतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकून, इतरत्र स्कंक आणि कोल्ह्यांच्या जाती. ध्रुवाकडे आर्क्टिक कोल्हा. पूर्व युरोपात लाल कोल्हा आणि रॅकून-डॉग. कॅरिबियन बेटांवर आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात मुंगूस. लॅटिन अमेरिकेत रक्त पिणारं वटवाघूळ.

हे नकाशे कायमचे नसतात. १९७० च्या दशकात शिकारीसाठी म्हणून फ्लोरिडाकडचे रॅकून उत्तरेला नेऊन सोडले गेले, त्यांच्याबरोबर विषाणूही गेला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठी साथ पसरली. तैवान १९६१ पासून रेबीजमुक्त मानलं जात होतं. २०१३ मध्ये तिथल्या डोंगरांतल्या फेरेट बॅजर नावाच्या लहानशा प्राण्यात तो सापडला. ‘आमच्याकडे नाही’ हे वाक्य उच्चारताना शेवटची तपासणी कधी झाली हे विचारलेलं बरं.

आशिया आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागांत चित्र आणखी वेगळं आहे. तिथे रेबीजचं मुख्य ठाणं खुद्द कुत्राच आहे. कोल्हा, लांडगा, मुंगूस, खोकड, रानमांजर यांना तो बऱ्याचदा कुत्र्यांकडूनच मिळतो, मग तेच दुसऱ्या कुत्र्याला परत देतात. अशा भागात ‘रानातला प्राणी की भटका कुत्रा’ हा भेद धोक्याच्या दृष्टीने फारसा उरत नाही. दोन्ही चावे सारख्याच गांभीर्याने घ्यायचे.

ढोबळ नियम हवाच असेल तर हा घ्या: मांसाहारी, सुळे असलेला, अंगावर आलेला सस्तन प्राणी म्हणजे तपासणीत तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत रेबीजचा संशयित. बिबट्या, तरस, उदमांजरही यात आले. बिबट्या-तरसासारख्या मोठ्या प्राण्यांच्या चाव्यात जखमच इतकी गंभीर असते की रेबीजची आठवण कोणाला राहत नाही. शस्त्रक्रियेच्या धावपळीत लसीचा विषय तुम्हीच काढा.

उंदीर, घूस, खार, ससा? साळिंदर?

लहान कुरतडणारे प्राणी आणि ससे यांच्यात रेबीज जवळजवळ कधीच सापडत नाही. मोठा प्राणी चावल्यावर ते मुळात वाचतच नाहीत, हे त्यामागचं एक कारण समजलं जातं. खार चावली म्हणून ४५ दिवसांचा हिशोब मांडायची गरज सहसा पडत नाही. उंदरांच्या बाबतीत लेप्टोस्पायरोसिसची काळजी जास्त करा.

साळिंदराचे काटे टोचले तर ते रेबीजचं इंजेक्शन नव्हे. पण काटे घरी उपटू नका; आत तुटतात आणि पुढे सरकत जातात. आकाराने मोठ्या कुरतडणाऱ्यांत थोडा अपवाद आहे: अमेरिकेत ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्यात रेबीज अधूनमधून सापडतो.

पक्षी, साप, घोरपड, बेडूक यांना रेबीज होत नाही.

माकड आणि रानडुक्कर?

दोघांनाही होऊ शकतो, दोघांमध्येही तो सहसा ठाण मांडत नाही (ब्राझीलमधली मार्मोसेट जातीची छोटी माकडं हा ठळक अपवाद). त्यामुळे धोका कमी, पण शून्य नाही. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम धुणं आणि बूस्टर (आधी घेतलेल्या लसीचा उजळणीचा डोस) हे करून टाकावं. रानडुकराच्या सुळ्याने झालेली जखम वरून लहान आणि आतून फाटलेली असते; त्यासाठी तरी दवाखाना गाठा.

कुत्र्याने वटवाघूळ तोंडात धरलं होतं. त्याला काही चावलेलं दिसत नाही.

वटवाघळाचे दात सुईच्या टोकाएवढे असतात. कुत्र्याच्या ओठावर त्याची खूण सापडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. निरोगी वटवाघूळ दिवसाढवळ्या जमिनीवर पडून कुत्र्याच्या तोंडी लागत नाही, म्हणजे जे सापडलं ते आजारी असण्याची शक्यता मुळातच जास्त. तेव्हा वटवाघूळ तोंडात धरलं, पंजाने खेळवलं किंवा कुत्र्याच्या खोलीत सापडलं, तर ते संपर्क म्हणून धरावं.

यात भूगोलाचा एक मोठा फरक आहे. नेहमीचा रेबीज विषाणू वटवाघळांत फिरतो तो अमेरिका खंडांत. उरलेल्या जगात त्यांच्यात त्याचे भाऊबंद सापडतात. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही, पण १९९६ मध्ये तिथल्या वटवाघळांत असाच एक जवळचा विषाणू सापडला आणि त्याने माणसंही दगावली आहेत. यांतल्या बऱ्याच भाऊबंदांवर रेबीजचीच लस उपयोगी पडते.

तो प्राणी दिवसा बाहेर होता, म्हणजे पिसाळलेलाच ना?

नुसतं तेवढ्यावरून नाही. पिल्लं असलेली मादी दिवसाही खाणं शोधते, आणि वस्तीजवळचे कोल्हे माणसांना सरावलेले असतात. लडखडणं, माणसाची भीती न वाटणं, विनाकारण अंगावर येणं, निर्जीव वस्तूंना चावणं, जबडा लोंबणं ही काळजीची चिन्हं. पण डिस्टेंपर या वेगळ्या विषाणूच्या आजारातही हुबेहूब असंच दिसतं आणि तो कोल्हे-रॅकून यांच्यात भरपूर असतो. उलट, अगदी साध्या वाटणाऱ्या प्राण्याच्या लाळेतही विषाणू असू शकतो. त्यामुळे प्राण्याच्या वागण्यावरून धोका वाढवता येतो, वजा करता येत नाही.

रानात मेलेलं काहीतरी त्याने खाल्लं.

पोटातून रेबीज होणं फार दुर्मीळ. खरा प्रश्न मेलेल्या प्राण्याचं डोकं चघळलं का, आणि तोंडात जखम होती का, हा आहे. ताजं किंवा थंडीत पडलेलं मढं असेल तर मेंदूत विषाणू टिकून राहू शकतो. उन्हात सडलेल्यात तो लवकर मरतो. लस चालू असलेल्या कुत्र्याला बूस्टर दिला की बहुतेक वेळा विषय संपतो.

लस चालू आहे. मग पुन्हा टोचायची कशाला?

कारण लस चालू असणं आणि आत्ता या घटकेला प्रतिपिंडं भरपूर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी लस घेतलेल्या शरीराला आठवण असते. बूस्टर ती जागी करतो आणि काही दिवसांतच प्रतिपिंडं झपाट्याने वाढतात. विषाणू अजून स्नायूत रेंगाळत असताना ही कुमक पोचावी, एवढाच हेतू. म्हणून घाई. बूस्टर शक्य तितक्या लवकर, चार दिवसांच्या म्हणजे ९६ तासांच्या आत.

लस घेतलेल्या कुत्र्यालाही रेबीज झाल्याची मोजकी उदाहरणं आहेत. ४५ दिवसांचं निरीक्षण त्या मोजक्यांसाठी असतं. या काळात कुत्रा घरीच राहतो. फिरायला पट्ट्याने न्यायचा, अनोळखी माणसं आणि इतर कुत्र्यांपासून लांब, पाळणाघरात ठेवायचा नाही, प्रवास नाही. रोज खाणं, चाल, आवाज बघायचा. एवढंच.

बूस्टरची तारीख तीन महिन्यांपूर्वीच उलटून गेली. आता तो ‘लस नसलेला’ झाला का?

पूर्वी अनेक ठिकाणी तसंच धरत. ते बदललं आहे. वर सांगितलेल्या २०१६ च्या नियमावलीत, आधी लस दिल्याचा पुरावा असेल तर तारीख उलटलेल्या कुत्र्यालाही ताबडतोब बूस्टर आणि ४५ दिवस निरीक्षण, असा मार्ग आहे.

‘पुरावा असेल तर’ या तीन शब्दांवर सगळं अडतं. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि पशुवैद्यकाची सही असलेला कागद हवा. ‘आम्ही दरवर्षी देतो हो’ हे खरं असेलही, पण त्यावर कोणी निर्णय घेत नाही. मला विचाराल तर लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये आत्ताच काढून ठेवा, पुढचं मग वाचा. कागद सापडला नाही म्हणून ४५ दिवसांचे चार महिने होऊ शकतात.

लस कधीच दिलेली नाही.

इथे उत्तर कडू आहे. संपर्क झालेल्या, कधीच लस न घेतलेल्या कुत्र्याला दयामरण द्यावं, हा अनेक नियमावल्यांतला पहिला सल्ला असतो. कारण एकदा रोग सुरू झाला की उपचार नाही, आणि त्याआधी तो कोणाला चावला तर किंमत माणूस मोजतो.

मालक तयार नसेल तर दुसरा मार्ग कडक विलगीकरणाचा. ताबडतोब लस, आणि चार महिने अशा बंदिस्त जागी ठेवायचं की माणूस किंवा प्राणी यांचा थेट संपर्क येणार नाही. खाणं-पाणी आत हात न घालता देता आलं पाहिजे. लस द्यायला ९६ तासांहून जास्त उशीर झाला तर हा काळ सहा महिन्यांपर्यंत वाढवला जाऊ शकतो. दारामागे रडणाऱ्या कुत्र्याला चार महिने कुरवाळायचं नाही, हे लिहिणं सोपं आहे. मुलं असलेल्या घरात ते निभावणं किती अवघड, याचा विचार हो म्हणण्याआधी करा, दोन आठवड्यांनी नव्हे.

माणसाला चावा बसल्यावर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरतात, म्हणजे तयार प्रतिपिंडं. कुत्र्यांसाठी तशी सर्वमान्य पद्धत नाही. म्हणूनच आधीची लस इतकी मोलाची ठरते.

पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, पहिली लस अजून व्हायची आहे.

पहिली लस बहुतेक ठिकाणी १२ आठवड्यांनंतर देतात, त्यानंतर वर्षभरात दुसरी, मग लसीप्रमाणे दर एक किंवा तीन वर्षांनी. पहिल्या लसीनंतरही २८ दिवस जाईपर्यंत पिल्लू सुरक्षित धरत नाहीत. नियमांच्या भाषेत अडीच महिन्यांचं पिल्लू लस नसलेलंच. त्याला झुडपांत मोकळं सोडू नका.

रक्त तपासून सोक्षमोक्ष लावता येत नाही का?

नाही. जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी नाही. निश्चित निदान मेंदूच्या तुकड्यावर होतं, म्हणजे मृत्यूनंतर. प्रतिपिंडं मोजणारी टायटर चाचणी असते, परदेशी नेताना दर मिलीलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पातळी मागतात, पण ती लस लागू पडली का हे सांगते. विषाणू आत शिरला का, ते नाही. चांगला टायटर दाखवून बूस्टर टाळता येत नाही.

निरीक्षणाच्या काळात तो मला चाटला तर?

दोन लाळा वेगळ्या करून बघा. पहिली त्या रानातल्या प्राण्याची, जी कुत्र्याच्या अंगावर लागली असेल. तिचा धोका पहिल्या काही तासांचा, ओली असेपर्यंतचा. दुसरी तुमच्या कुत्र्याची स्वतःची. विषाणू मेंदूपर्यंत पोचून परत फिरल्याशिवाय ती दूषित होत नाही. म्हणजे चाव्याच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याने चाटलं तर त्यातून रेबीज होणार नाही.

गोची अशी की तो पलटण्याचा दिवस कोणता, हे आधी कळत नाही. लक्षणांच्या काही दिवस आधी लाळ दूषित झालेली असते आणि कुत्रा वरून चांगलाच दिसत असतो. म्हणून पूर्ण काळभर तोंडावर चाटू देऊ नका, जखमेवर तर नाहीच, आणि लहान मुलांना त्याच्याशी एकटं सोडू नका.

मी सोडवायला मध्ये पडलो. मला लस हवी का?

त्या प्राण्याने तुम्हाला चावलं, ओरबाडलं, किंवा कुत्र्याच्या ओल्या केसांवरची लाळ तुमच्या ताज्या जखमेत किंवा डोळ्यात गेली, तर हो, आजच डॉक्टरकडे जा. ‘कुत्र्याचं काय होतं ते बघू’ म्हणून थांबू नका. कुत्र्यावरचं निरीक्षण तुमच्या जखमेबद्दल काही सांगत नाही. धुवायचं तसंच, पंधरा मिनिटं. पूर्वी पूर्ण लस घेतली असेल तर बहुधा दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, तेव्हा ते सांगायला विसरू नका.

भांडणात हात घालू नका, हा सल्ला सगळे देतात आणि ऐन वेळी कोणी पाळत नाही. निदान पाणी फेका, किंवा मध्ये काहीतरी रुंद आडवं धरा.

रेबीज सुरू झाला तर सगळ्यात आधी काय दिसतं?

स्वभाव पलटतो. बिलगणारा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो. तुसडा कुत्रा एकाएकी लाडात येतो. चावा बसलेली जागा, भरून आलेली असली तरी, तो सारखी चाटतो किंवा चावतो. बाहुल्या मोठ्या दिसतात. आवाज घोगरा, वेगळाच होतो. दोन-तीन दिवसांत पुढचा टप्पा येतो: कधी हिंसक, दिसेल त्याला चावणारा, दगड-लाकूड गिळणारा, भटकत सुटणारा, तर कधी मुका, कोपऱ्यात पडलेला, लडखडणारा. बऱ्याचदा एका कुत्र्यात दोन्ही.

मुका प्रकार जास्त फसवतो, आणि इथे थोडं थांबतो. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळताना घुसमटल्यासारखं होतं. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय. मालक प्रेमाने हात तोंडात घालतो, बोटं घशापर्यंत फिरवतो, काही सापडत नाही, पुन्हा फिरवतो. कुत्रा चावतही नाही, त्यामुळे त्यात काही धोका आहे असं वाटतच नाही. बोटांवर एखादी चीर असली की झालं. संपर्काचा इतिहास असलेल्या कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यासारखं वाटलं, तर हात घालू नका. खोलीत बंद करा आणि आधी फोन करून, झटापटीची तारीख सांगून दवाखान्यात जा, म्हणजे तिथली माणसंही तयार राहतील.

पण तो पाणी पितोय. मग रेबीज नाही ना?

पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. कुत्र्यात ते तसं दिसत नाही. रेबीज झालेला कुत्रा पाण्यात तोंड घालतो, कधी गिळता न आल्याने नुसतंच चाळवतो. ‘जलसंत्रास’ या शब्दाने ही गैरसमजूत रुजवली आहे आणि त्यापायी अनेकांनी पाण्याची वाटी पुढे करून स्वतःची समजूत घातली आहे.

त्या प्राण्याला मारून तपासायला न्यावं का?

तुम्ही नाही. पाठलागात दुसरा चावा बसतो, आणि अनेक वन्य प्राणी मारणं किंवा पकडणं हा गुन्हाही आहे. वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. लांबून फोटो मिळाला तर काढा. जागा, वेळ आणि तो कसा वागत होता ते लिहून ठेवा.

तो आधीच मेलेला असेल तर उघड्या हाताने शिवू नका आणि डोकं ठेचू नका, कारण तपासणी मेंदूचीच करायची असते. थंड ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठून पुन्हा वितळलेल्या मेंदूवर तपासणी नीट होत नाही. मेंदू रेबीजमुक्त निघाला तर तुमचे ४५ दिवस किंवा चार महिने तिथेच संपतात. वन्य प्राण्याला पकडून दहा दिवस बघत बसण्याचा काही उपयोग नाही. तो नियम कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) यांच्यापुरताच आहे.

कुत्र्यामुळे रानातल्या प्राण्यांना धोका होतो का?

होतो, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. इथियोपियाच्या बाले पर्वतात राहणारे लांडगे जगात जेमतेम काही शेकडा उरले आहेत. तिथल्या गुराख्यांच्या कुत्र्यांकडून त्यांच्यात रेबीज शिरला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, मग पुन्हा २००३ मध्ये, कळपच्या कळप गेले. उलट बाजूचं उदाहरण स्वित्झर्लंडचं: १९७८ मध्ये तिथे कोंबडीच्या डोक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली गेली. पुढे ही पद्धत युरोपभर पसरली आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज जवळजवळ हद्दपार झाला. जे कोल्ह्यांना लस पोचवून साधलं, ते कुत्र्यांच्या बाबतीत तर घरबसल्या करता येतं.

४५ दिवस झाले. कुत्रा छान आहे. आता?

पशुवैद्यकाला एकदा दाखवा आणि निरीक्षण संपल्याची नोंद कार्डावर करून घ्या. पुढच्या लसीची तारीख आता झटापटीनंतरच्या बूस्टरपासून मोजायची, जुन्या तारखेपासून नाही. इथे हमखास घोळ होतो. पट्टा काढला तरी चालेल. त्या झुडपाशी मात्र तो परत जाणारच, तेव्हा तिथे पट्टा असू द्या.